पोतंभर अद्रक आणि भानुमतीबाईंचे डबे

भानुमतीबाई पुण्याला निघाल्या तेव्हा दत्तोपंतांनी त्यांना दारात सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, आणि रिक्षात बसल्यावर परत वाकून सांगितलं, की तू काळजी करू नकोस. आता इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्यानं असं म्हटलं, की तिथूनच तिची काळजी सुरू होते. त्यातून या नवऱ्याच्या छातीत नुकतीच एक स्प्रिंग बसवलेली. डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात, पण दत्तोपंत पडले गणिताचे निवृत्त मास्तर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कागदावर आकृती काढून स्प्रिंग कशी बसवली ते समजावून सांगायचे. माणूस शेवटी चहा न घेताच उठायचा. सोबत रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या आणि महिनाभर प्रवास बंद होता.

आणि तिकडं पुण्यात लेक, स्वरदा, दिवस भरत आलेली. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायची मनाई केली होती, नाहीतर ती रीतसर माहेरी आलीच असती. तिला सासू नव्हती, आणि नवरा चांगला असला तरी रक्त बघितलं की खुर्ची शोधणारा. तिला आई हवी होती. इकडं बापालाही बायको हवीच होती, पण ते तो मेला तरी कबूल करणार नव्हता.

"जाते मी," भानुमतीबाई म्हणाल्या होत्या, "पण रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. तोंड दाखवायचं. नुसत्या आवाजावर मी फसायची नाही. आणि जरा जरी काही वेडंवाकडं दिसलं, तर मी मिळेल त्या गाडीनं परत."

"अगं, आणि स्वरदा?"

"म्हणून तर सांगते. काही होऊ देऊ नका."

झालं! म्हणजे बाळंतपणात लेकीजवळ आई असणार का नसणार, हे आता दत्तोपंतांच्या तोंडावर ठरणार होतं. ते तोंड त्यांनी त्या दिवसापासून फार जपायला घेतलं.

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना खोकला झाला.

खोकला काही मोठा नव्हता. जानेवारीची थंडी, कोरडी हवा, आणि नळाला पाणी येणार म्हणून पहाटे खाली सोसायटीच्या टाकीपाशी बनियनवर उभं राहणं. त्यांच्या सगळ्या गारखेडा भागाला होतो तसला खोकला. पण सकाळच्या कॉलवर तो दाबून धरता धरता त्यांचे डोळे पाण्यानं भरले आणि भानुमतीबाईंना वाटलं, यांना आपली आठवण आली. त्याही गलबलल्या. ते बरंच झालं. पण रोज रोज डोळे भरून चालणार नव्हतं.

अशातच पिशोरहून आप्पासाहेबांचा फोन आला. दत्तोपंत पिशोरच्या शाळेत होते तेव्हापासूनचे हे मित्र. घरची जमीन, आणि पिढ्यान् पिढ्या अद्रकीचं पीक.

"गुरुजी, खोकून राह्यले व्हय तुम्ही?"

"थोडंसं. होईल बरं."

"थोडं-बिडं काय नाय. छातीत ते यंत्र बसवलेलं अन् वरून खोकला! अद्रक घ्या अद्रक. आत्ताच काढणी झाली. रगत पातळ राहतं तिच्यानं, छाती मोकळी होती. थांबा, थोडीशी धाडतो."

आप्पासाहेबांचं "थोडीशी" दुसऱ्या दिवशी बसनं आलं. ते एक पोतं होतं.

पार्सलच्या खिडकीवर वेगळाच खटला उभा राहिला. पोत्यावर निळ्या खडूनं 'गुरुजी, गारखेडा' एवढंच लिहिलेलं. खिडकीतल्या गृहस्थानं दत्तोपंतांचं आधार कार्ड उलटं-सुलटं करून पाहिलं.

"यावर गुरुजी कुठं लिहिलंय?"

"अहो, ते नाव नाही. मी गुरुजी आहे."

"ते कशावरून?"

या प्रश्नावर दत्तोपंत हबकलेच. जन्मभर ज्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही, त्यांच्याकडं आज पुरावा मागत होते! अपमानानं त्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीतल्या वहीवर गेली आणि उलट्या बाजूनंच वाचून ते म्हणाले, "तुमची ती वजनाची बेरीज चुकलीय. हातचा धरला नाही तुम्ही." गृहस्थानं पाहिलं, परत पाहिलं, आणि मान खाली घालून पोतं सोडलं. ते उचलून ठेवताना रिक्षावाल्या मामूनं विचारलं, "क्या गुरुजी, दुकान डाल रहे क्या?"

खरं सांगायचं तर अद्रकीनं आपलं काम चोख केलं. दोन वेळचा चहा, त्यात किसलेली ताजी अद्रक, आणि खोकला दोन-तीन दिवसांत पसार. पोट हलकं, भूक चांगली. दत्तोपंत इथं थांबले असते तर ही गोष्ट घडलीच नसती. पण आप्पासाहेबांचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं होतं. गोळी रक्त पातळ ठेवते. अद्रकही रक्त पातळ ठेवते. मग दोन्ही मिळून स्प्रिंगचं दुप्पट कल्याण! गणिताच्या माणसानं मांडलेला हिशोब, त्याला कोण अडवणार? चहात तुकडा पडत होता तिथं आता मूठ पडायला लागली.

तरी पोतं सरेना. आठवडाभरात त्याला कोंब दिसायला लागले. तेव्हा दत्तोपंतांनी शेजारीपाजारी वाटायचं ठरवलं आणि त्यासाठी भानुमतीबाईंचे स्टीलचे डबे काढले. ज्यांच्यावर 'सौ. भानुमती' असं कोरलंय आणि ज्यांना हात लावायचा नाही, ते.

आता इथं डब्याचा कायदा सांगितला पाहिजे. कुणाच्या घरून डबा आला, की तो रिकामा परत करायचा नाही. चिमूटभर साखर का होईना, घालायची. हा कायदा कुठंच लिहिलेला नाही, पण तो त्या सोसायटीत जितका पाळला जाई तितके पार्किंगचे नियम पाळले गेले असते, तर सेक्रेटरी गोकुळरावांचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. भानुमतीबाई तर या बाबतीत अगदी कडक. एकदा घरात द्यायला खरंच काही नव्हतं, तर त्यांनी कुंडीतल्या गवती चहाची पाती कापली, दोऱ्यानं बांधली आणि डब्यात घालून दिली. पण रिकामा डबा नाही म्हणजे नाही.

समोरच्या सुरेखाकडं पहिला डबा गेला. तिचा नवरा शिवराज वाळूजच्या कंपनीत, कामानिमित्त सारखा पुण्याला जाऊन-येऊन असलेला. सुरेखा मनानं मोकळी. काका एकटे, आजारातून उठलेले, त्यांचा डबा रिकामा द्यायचा? तिनं त्याच अद्रकीचं लोणचं घालून डबा परत आणला, आणि वर स्वतःचा एक डबा भरून आणला.

"ह्याच्यात काय आहे गं?"

"अद्रक-लसणाचा ठेचा. काका, खोकल्याला लई भारी. माझ्यासमोर खा बरं थोडा."

समोर खावा लागला. नाकातून पाणी आलं. आता तिचा डबा रिकामा कसा परत करणार? घरात दुसरं होतं काय? दत्तोपंतांनी तो अद्रकीनं भरून दिला.

वरच्या मजल्यावरच्या सत्यभामाबाई म्हणजे सोसायटीचा चालता-बोलता दवाखाना. त्यांनी आल्याच्या वड्या पाठवल्या, आणि दुसऱ्या डब्यात पाक. "रोज सकाळी अनशेपोटी दोन चमचे. हृदयाला चांगलं असतं. आमच्या ह्यांना मी शेवटपर्यंत देत होते." ह्यांचं शेवटी काय झालं, ते विचारायचा दत्तोपंतांना धीर झाला नाही. गोकुळरावांकडून सरबत आलं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच थोडंसं देतोय. प्रत्येक डबा अद्रकीनं भरून परत जायचा, आणि प्रत्येक घरी परत प्रश्न पडायचा, की आता एवढ्या अद्रकीचं करायचं काय? त्याचं उत्तरही सोपं होतं. बिचारे दत्तोपंत एकटे आहेत, त्यांना द्यावं काहीतरी करून!

अन्न टाकायचं नाही, हा दत्तोपंतांच्या घरचा दुसरा कायदा. म्हणून ते सगळं खाल्लं जात होतं. पोळीशी ठेचा, जेवणानंतर वडी, चार वाजता सरबत. छातीत जळजळ व्हायला लागली. ती स्प्रिंगची का पित्ताची हे कळेना, म्हणून एक रात्र घाबरून बसून काढली. सकाळी सत्यभामाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पित्त ना? त्यावर आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव." तोंड आलं, तर कुणीतरी अद्रकीच्या पाण्यानं गुळण्या सांगितल्या. लिफ्टचं दार उघडलं की आतून अद्रकीचा वास यायचा, आणि गोकुळरावांनी बोर्डावर सूचना लावली, की लिफ्टमधून उग्र वासाचे पदार्थ नेऊ नयेत. ती लावून ते थेट सरबताचा डबा घेऊन दत्तोपंतांकडं आले. जिन्यानं आले, एवढं मात्र खरं.

मग एका सकाळी दाढी करताना हनुवटीला कापलं. एरवी तुरटी फिरवली की थांबणारं रक्त. आज काही केल्या थांबेना. आणि कॉलची वेळ तर झालेली! दत्तोपंतांनी हनुवटीला पेपराचा कपटा चिकटवला, वरून मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि फोन उचलला.

"हे काय? मफलर तोंडाला का?"

"थंडी आहे फार."

"घरात?"

"यंदा घरातच जास्त आहे."

"गोळ्या घेताय ना वेळेवर?" एवढंच विचारलं भानुमतीबाईंनी. मागून स्वरदा म्हणाली, "बाबा, आई रात्री पाठ चोळून देते, तेव्हा कुठं झोप लागते मला." पोरीला ऐन वेळी आई जवळ मिळाली होती, आणि ती आपल्या एका हनुवटीपायी जाऊ शकते, या विचारानं दत्तोपंतांनी मफलर आणखी वर ओढला.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की उरलेल्या अद्रकीचा कायमचा निकाल लावायचा. सत्यभामाबाईंनी सांगितलं, "सोलून उन्हात वाळवा, सुंठ होईल. बाळंतिणीला लागतेच." हे मात्र दत्तोपंतांना मनापासून पटलं. लेकीच्या लाडवांसाठी आपल्या हातची सुंठ! फक्त गच्चीची परवानगी हवी होती. गोकुळरावांनी नियम बघितले. त्यात पापड होते, कुरडया होत्या, मिरच्या होत्या. अद्रक नव्हती.

"सभेत ठराव आणावा लागेल, गुरुजी."

"सभा कधी?"

"एप्रिलात."

"अहो, नातवंड तोवर रांगायला लागेल!"

शेवटी दत्तोपंतांनी रोज जातीनं राखण करायची आणि कबुतरांची सर्व जबाबदारी घ्यायची, या अटीवर तोंडी परवानगी मिळाली. चांगले चार-सहा दिवस ते सकाळपासून गच्चीवर छत्री उघडून, टोपी घालून बसले. सोललेली अद्रक चादरींवर वाळत पडली होती. शेवटचे थोडे तुकडे भानुमतीबाईंच्या मोठ्या स्टीलच्या परातीत पसरलेले. जाता-येता तोंडात टाकायला वड्यांचा डबा शेजारी होताच.

आणि त्या दिवशी, ऊन चढलेलं असताना, त्यांच्या नाकातून काहीतरी ओघळलं. सर्दी असेल म्हणून त्यांनी रुमाल लावला. रुमाल लाल झाला. नाक दाबलं, वर बघितलं, तरी धार थांबेना. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. भानुमतीबाई.

त्यांनी घाईघाईनं कॅमेरा उलटा फिरवला आणि फोन परातीवर धरला.

"अहो, स्वरदाला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय तिला." भानुमतीबाईंचा आवाज धावून आल्यासारखा. "तुम्ही कुठं आहात? दिसत का नाही?"

"गच्चीवर. ही बघ, सुंठ करतोय स्वरदासाठी." दत्तोपंत नाक दाबून बोलत होते. "कशी छान वाळलीय बघ. परातीत आहे ती सगळ्यात पांढरी."

"तोंड दाखवा."

"अगं, ऊन येतंय डोळ्यावर. तू जा आत. तिच्याजवळ जा. मी मस्त आहे अगदी."

तिकडं मागून स्वरदाची हाक ऐकू आली. मग भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, "बरं," आणि फोन बंद झाला.

सुटलो, असं वाटून दत्तोपंत खालीच बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण फार नसावा, कारण रुमाल अजून ठिबकतच होता, आणि जिन्यावरून सुरेखा धावत वर आली.

"काका! अगं बया, हे काय करून घेतलं!"

"तू कशी वर आलीस?"

"कपडे वाळत घालायला," सुरेखा म्हणाली. तिच्या हातात कपडे नव्हते, पण ते बघायच्या मनःस्थितीत दत्तोपंत कुठं होते! गोकुळरावांनी गाडी काढली, सत्यभामाबाई पुढं बसल्या, सुरेखा मागं दत्तोपंतांचं नाक चिमटीत धरून बसली, आणि सोसायटी दवाखान्यात पोचली.

खिडकीवर फाईल मागितली. फाईल घरी. पेशंटचा त्रास काय, असं विचारलं, तर सगळे एकदम बोलले. शेवटी दत्तोपंतांच्या स्प्रिंगवाल्या डॉक्टर राजनंदिनी स्वतःच बाहेर आल्या. वयानं लहान, बोलायला फटकळ. त्यांनी नाक नीट दाबून धरायला लावलं, पुढं वाकवून बसवलं, औषधाचा कापूस भरला, रक्त थांबलं. मग विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय घेत होता?"

"तसं काही नाही. जरा अद्रक."

"किती?"

दत्तोपंत रुमालाची घडी घालू लागले. तेव्हा सुरेखा खाली बघत म्हणाली, "मी ठेचा दिलता. थोडाच. अन् लोणचं." सत्यभामाबाई म्हणाल्या, "माझ्या नुसत्या वड्या. आणि पाक." गोकुळराव घसा खाकरून म्हणाले, "सरबत. रोज नाही. म्हणजे, रोजच." एकमेकांकडं बघता बघता तिघांचे चेहरे उतरत गेले. आपण मिळून या माणसाला किती अद्रक चारली, ते त्यांना आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

"चहात बोटाच्या पेराएवढी अद्रक कुणालाच काही करत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या गोळ्या आधीच रक्त गोठू देत नाहीत. त्यावर ही अशी मुठीनं खाल्ली तर रक्त थांबणार कसं? औषध म्हणून घेतो ते सगळंच मोजून घ्यावं लागतं, गुरुजी. गोळ्या चालूच ठेवायच्या, त्यांना हात लावायचा नाही. अद्रक बंद. आणि आता घरच्यांना कळवते मी. नंबर आहे पत्नीचा."

"नका!" दत्तोपंत खुर्चीतून उठलेच. सुरेखानं परत बसवलं. कापसामुळं त्यांचा आवाज विचित्र येत होता, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "डॉक्टर, माझी लेक आत्ता, या घटकेला बाळंत होतेय. तिच्याजवळ तिची आई आहे. हिला कळलं तर ही तशीच निघेल, मी ओळखतो तिला. आणि तिकडं पोरीनं कुणाचा हात धरायचा? उद्या कळवा. मला काय बोलायचं ते बोला. पण आजचा दिवस तिची आई तिच्याजवळ राहू द्या."

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला. सत्यभामाबाईंनी पदर डोळ्याला लावला. गोकुळराव म्हणाले, "गच्चीची परवानगी कायमची दिली, गुरुजी," आणि मग आपण हे आत्ता का बोललो, असं वाटून बाहेर निघून गेले.

संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

"ऐकताय ना?" भानुमतीबाई विचारत होत्या. "नाक तुमच्यावर गेलंय हो."

दत्तोपंतांनी कापसावरून हात फिरवला. त्यांना हसायचं होतं, पण रडू आलं.

"सर्दी झालीय का?" तिकडून विचारलं.

"हो. थोडीशी."

"बरं. जपा," भानुमतीबाई म्हणाल्या, आणि आणखी काही विचारलं नाही.

पुढचे दिवस सोसायटी पश्चात्तापात होती. डबे येतच होते, पण त्यात मुगाची खिचडी आणि दुधीची भाजी. गच्चीवरच्या सुंठेची राखण आता गोकुळराव जातीनं करत होते. दत्तोपंत हनुवटी, नाक आणि तोंड सगळं शाबूत ठेवून रोज कॉलवर दिसत होते, आणि आपण बायकोला कसं बेमालूम फसवलं, याचा त्यांना जरा अभिमानही वाटत होता. फक्त घर फार मोठं वाटायचं.

एका रविवारी शिवराज पुण्याहून आला तो हातात डबा घेऊन. सोबत सुरेखाही आली. "काकूंनी दिलाय. तुमच्याच हातात द्या म्हणल्या."

'सौ. भानुमती' कोरलेला डबा. जाताना त्यात प्रवासाच्या दशम्या नेल्या होत्या तोच. दत्तोपंतांनी तो हातात घेतला. हलका लागला. झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. साखरेचा कणसुद्धा नव्हता.

"रिकामा?" सुरेखानं डोकावून पाहिलं. "काकू रिकामा डबा धाडतील? नाय, नाय. सांडलं का काय तुमच्याकडून?" ती शिवराजवर घसरली. तो शपथा घ्यायला लागला. दत्तोपंतांच्या मनात भलतंच आलं. आयुष्यात जिनं रिकामा डबा परत केला नाही, तिनं आज मला केला. म्हणजे हिला कळलं. चिडलीय ही. त्यांनी लगेच फोन लावला.

"डबा पोचला?" भानुमतीबाई म्हणाल्या.

"पोचला. रिकामा आहे गं."

"माहितीय."

"तुला सगळं कळलंय का?"

"मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही माझ्या परातीवर फोन धरलात. घासून लख्ख ठेवलेली परात. त्यात तुमचं तोंड दिसत होतं, आणि रुमाल. पिशवी खांद्याला लावली होती मी. आतून स्वरदानं हाक मारली. आणि तुम्ही आपलं नाक दाबून सांगत होतात, सुंठ कशी पांढरी आहे. मग म्हटलं, हे इतकं धडपडून तोंड लपवतायत, तर आपल्याला दिसलं नाही असंच धरावं. सुरेखाला फोन केला आणि आत गेले."

दत्तोपंतांनी सुरेखाकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा बघू लागली.

"रागावलीस?"

"खूप. ते समोरासमोर काढीन. डॉक्टरीणबाईंशी बोलले मी, तुमचा महिना संपला. आता प्रवास चालेल म्हणाल्या. सुंठ वाळली असेल ना? ती कुटा, त्या डब्यात भरा, आणि तुम्ही घेऊन या. कुणाच्या हाती पाठवायची नाही. इथल्या डॉक्टरांनी लाडवात थोडी घालायला हरकत नाही म्हटलंय. आणि रस्त्यात चाखत बसू नका."

"नाही चाखत."

"लवकर या. नात तुमच्यासारखी भुवया उंचावून बघते. मला करमत नाही."

फोन ठेवल्यावर दत्तोपंत डबा दोन्ही हातांत धरून तसेच बसले. सुरेखाला राहवेना. "काका, मग डबा खरंच रिकामाच धाडला काकूंनी?"

"रिकामा कुठं गं," दत्तोपंत चष्मा पुसत म्हणाले, "बोलावणं आलंय."

मग ते उठले, गच्चीवर जाऊन गोकुळरावांच्या ताब्यातून सुंठ घेऊन आले, स्वयंपाकघरात सगळी फडताळं उघडून पाहिली, आणि खलबत्ता कुठं ठेवलाय ते विचारायला त्यांनी परत पुण्याला फोन लावला.